मराठीत अर्ज, पण कुठे चालतो?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तक्रारीचं निवेदन मराठीतून द्यायचं असेल तर पहिल्या ओळीतच ‘राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार’ असं लिहा. गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. काउंटरवर ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणाले तर वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

मात्र उत्तरही मराठीतच मिळेल, असं हा अनुच्छेद म्हणत नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते.

माहिती अधिकाराचं गणित वेगळं. कलम 6 प्रमाणे तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये लागतो. (हिंदीचा पर्याय आपल्याकडे फारसा कुणी वापरत नाही, खरं तर सोपा आहे.) कर्नाटकात शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर साधारण 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

सूचनाफलक मराठीत हवा असेल तर तालुक्यातल्या मराठी भाषकांचा जनगणनेतला आकडा जोडा. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत ती भाषा बोलणारे लोकसंख्येच्या किमान 15 टक्के असावेत, अशी अट आहे.