मटणाच्या ताटाला शिराझ: भरदार रेड वाईन कशी चाखावी, कशाशी घ्यावी

फुल बॉडीड रेड वाईन म्हणजे घोट गिळल्यावरही तोंडात रेंगाळणारी वाईन. आपल्या मटणाशी तिचं छान जमतं, फक्त मिरचीचा हात आखडता घ्यावा लागतो आणि बाटली थोडी गार करावी लागते.

१. बाटली निवडा

नाशिक परिसरातल्या बऱ्याच वायनरी शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षांची रेड वाईन) करतात, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करा. लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघा. १३.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वाईन बहुधा भरदार निघते. 'रिझर्व्ह' लिहिलेली असेल तर ती बहुतेक वेळा ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असते. अकलूजच्या फ्रातेली वायनरीची 'सेट्टे' ही सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्याँ या द्राक्षांची वाईनसुद्धा चालेल.

२. गार करा

रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. तिथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. एप्रिलमध्ये पुण्यातल्या स्वयंपाकघरात ३२ अंश असताना तो पाळला, तर नाकात नुसता अल्कोहोलचा भपका येतो. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. नंतर उघडून रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओता आणि अर्धा तास हवा लागू द्या.

३. चाखा

ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे वाईन गोल फिरवता येते. आधी वास घ्या. शिराझमध्ये जांभूळ, काळी द्राक्षं आणि मागून काळ्या मिरीचा वास येतो. ही मिरी कल्पनेतली नाही. काळ्या मिरीला तिचा खास वास देणारं रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. साधारण पाचातल्या एका माणसाला ते जाणवतच नाही, तेव्हा शेजारच्याला मिरी लागली आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका.

मग छोटा घोट तोंडात घोळवा. हिरड्या कडक कोऱ्या चहाने होतात तशा कोरड्या पडतील. हे टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं आणि तोंडाचा ओलसरपणा जातो.

४. ताट वाढा

मटणाची मदत होते ती इथेच. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, मीठही तुरटपणा मऊ करतं. म्हणून माझी पहिली पसंती सुक्या मटणाला: भाजलेलं सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मिरी भरपूर आणि लाल तिखट नावाला. मिरी मिरीला ओळखते. पांढऱ्या रश्श्यातले मटणाचे तुकडेही उत्तम.

तांबडा रस्सा आणि सावजी मात्र बाजूला ठेवा. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेच्या जाणिवेलाच चेतवतं, आणि अल्कोहोल त्याच जाणिवेला आणखी हळवं करतं. परिणामी मटण दुप्पट झोंबतं आणि वाईन कडू लागते. हौस असेल तर तांबडा रस्सा थंडगार बिअरबरोबर घ्या.

शाकाहारी ताटात खानदेशी भरीत माझ्या मते सगळ्यांत सरस. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धूर ओकमध्ये मुरलेल्या शिराझशी झकास जुळतो, फक्त हिरव्या मिरच्या निम्म्या करा. शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगीही चालतील, पण गूळ वगळून, कारण गोडापुढे वाईन आंबट आणि पोकळ लागते. पुरणपोळी, श्रीखंडाबरोबर ती घेऊच नका. तळलेला बांगडाही नको. वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी गाठ पडताच तोंडात धातूची चव आणतं.

५. उरली तर

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन-चार दिवस पिण्याजोगी राहते. त्यानंतर आंबट वास येऊ लागायच्या आत मटण शिजवताना वाटीभर ओता, पण कांदा परतून झाल्यावर आणि पाणी घालायच्या आधी, म्हणजे अल्कोहोल बराचसा उडून जातो.