जुनं दुखणं कोणत्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखायचं

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बहुतेक जण आल्या आल्या एक्स-रे पुढे करतात. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, कसं दुखतं आणि कधी दुखतं? ‘लई दुखतंय ओ ताई’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. म्हणून दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल, तर आठवडाभर वहीत लिहा: कुठे, कसं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. घेतलेल्या गोळ्यांची नावंही लिहा. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेतली, तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात.

झिजलेला गुडघा ओळखणं सोपं. जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना दुखतो, टेकलं की शांत होतो. सकाळी आखडला तरी साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. पण बोटांचे सांधे सुजलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि हालचालीने उलट बरं वाटतं, तर तो आमवात असू शकतो. तेल चोळण्यात महिने घालवू नका. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं.

नसांचं दुखणं वेगळं. आग, मुंग्या, विजेसारखी चमक, कधी अंगावरची चादरही सोसत नाही. नागीण बरी झाल्यावर महिनोन्महिने राहणारी भगभग यातलीच, आणि मधुमेहातली तळपायांची आगही. आमच्याकडे याला ‘उष्णता’ म्हणतात आणि काशाच्या वाटीने तूप घासतात. घासा, पण साखर तपासा. घरी एक चाचणी करता येते. डोळे मिटून झोपा. घरातल्या कुणी तरी दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाच्या टोकाने अलगद एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांना पाय दाखवा, आणि तोवर अनवाणी फिरणं, गरम पाण्याने शेकणं बंद.

या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रीगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन देतात. दुसरं मूळचं नैराश्यावरचं औषध. चिठ्ठीवर ते बघून ‘मला वेडी ठरवलं’ म्हणत एक बाई गोळ्या न घेताच घरी गेल्या होत्या. मात्रा कमी असते आणि काम नसांवर असतं, हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी अंगभर दुखतंय, झोपून उठलं तरी शीण तसाच? फायब्रोमायल्जिया असाच असतो. इथे मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा आवाज रेडिओसारखा वाढवून ठेवतात. 2017 मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेने अशा वेदनेला ‘नोसिप्लास्टिक’ हे वेगळं नाव दिलं. घरात मात्र ‘काही निघालं नाही ना, मग?’ हेच ऐकावं लागतं, बायकांना तर जास्तच. यावर झेपेल तेवढं रोज चालणं, ते हळूहळू वाढवणं आणि झोपेची वेळ पाळणं. बरं वाटलेल्या दिवशी अख्खं घर आवरायला काढू नका, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

एकाच माणसात दोन-तीन प्रकार असू शकतात, वहीत ते वेगवेगळे लिहा.

कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर वही राहू द्या, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. कारण नसताना वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांसाठीही आठवडाभर थांबू नका.