जास्वंद मरगळली? या चुका टाळा

जास्वंदीची पानं पिवळी पडली, कळ्या गळायला लागल्या की हात आधी खताच्या डब्याकडे जातो. सगळ्यात मोठी चूक हीच. दुखावलेल्या मुळांना खत झेपत नाही. रासायनिक असेल तर क्षारांनी उरलीसुरली तंतुमुळंही करपतात.

आधी फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवट ओलावा दिसला तर फांदी जिवंत, कोरडी तपकिरी असेल तर गेली. शेंड्यापासून बुंध्याकडे असं तपासत या. शेंडे वाळले तरी बुंधा हिरवा असेल, तर झाड उपटायची घाई नको.

पानं लोंबली की पाणी ओतणं ही दुसरी चूक. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. माती ओली आणि तरी पानं मलूल, म्हणजे मुळं कुजतायत. सतत ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. कुंडी आडवी करून मुळांचा गड्डा बाहेर काढा. चांगलं मूळ पांढुरकं आणि कडक असतं. कुजलेलं काळपट मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो, वासही आंबूस येतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने काढून टाका. माती 2 भाग, कोकोपीट 1 भाग, जाड वाळू 1 भाग अशा मिश्रणात झाड परत लावा आणि 8-10 दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी फुटल्यावरच मूठभर गांडूळखत द्या.

पिवळेपणातही फरक असतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता, उसाची पानं पिवळी पडणारा ‘केवडा’ विकार तोच. चुनखडीच्या मातीत किंवा बोअरच्या जड पाण्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा कुंडीत अंड्याची टरफलं मुळीच टाकू नका, चुना आणखी वाढतो. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम घेऊन पानांवर फवारा, 15 दिवसांनी पुन्हा एकदा.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात बघा. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके पाडा, मग लिटरभर पाण्यात कडुनिंबाचं तेल 5 मिली आणि पातळ साबण 2 मिली घुसळून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. एका फवारणीने काम होत नाही, अंड्यांतून पिल्लं निघतच राहतात. म्हणून 7 दिवसांच्या अंतराने तीनदा फवारा.

छाटणी फेब्रुवारीत किंवा पावसाच्या तोंडावर करा, मे महिन्याच्या उन्हात नको. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, तरी आजारी झाडाच्या जिवंत फांद्या एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. काप डोळ्याच्या (नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) किंचित वर, तिरका घ्या. कीड लागलेल्या फांद्या कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या.