इंग्रजी शब्दांच्या आठ जाती: सुरुवात कुठून करावी आणि गाडी नेमकी कुठे अडते

इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडलं की आठ जातींचा तक्ता समोर येतो: नाऊन, प्रोनाऊन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रीपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. मराठीतून शिकलेल्याला हा तक्ता ओळखीचा वाटतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्ययं आपल्याकडेही आहेतच. त्यामुळे व्याख्या दोन दिवसांत पाठ होतात. मग वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ मारून कोणी ‘याची जात सांगा’ म्हणालं, की पाठांतर उपयोगी पडत नाही.

कारण सरळ आहे. ‘कुत्र्याने मांजराला पाहिलं’ हे वाक्य ‘मांजराला कुत्र्याने पाहिलं’ असं फिरवलं तरी पाहणारा कुत्राच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. इंग्रजीत ‘द डॉग सॉ द कॅट’ उलटं केलं की पाहणारी मांजर होते. तिथे शब्दाचं काम त्याच्या जागेवरून ठरतं, आणि जात कामावरून. ‘बॅक’ हा एकच शब्द घ्या. ‘माय बॅक हर्ट्स’मध्ये तो नाम आहे, ‘द बॅक डोअर’मध्ये विशेषणाचं काम करतो, ‘ही केम बॅक’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘आय बॅक युअर प्लॅन’मध्ये चक्क क्रियापद. म्हणून सुट्या शब्दाची जात विचारणं निम्म्या वेळा व्यर्थ असतं. आधी वाक्य हवं.

आठ या आकड्याचाही फार धाक बाळगू नये. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणातही जाती आठच होत्या, पण वेगळ्या: विशेषण नामातच धरलेलं होतं, तर आर्टिकल (‘द’सारखा शब्द) आणि पार्टिसिपल (क्रियापदापासून झालेलं विशेषणासारखं रूप) स्वतंत्र होते. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, तेव्हा त्या व्याकरणकारांनी उद्गारवाचक शब्दांना वेगळी जागा दिली. आजही जुन्या वळणाची पुस्तकं ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना विशेषणांत बसवतात आणि नवी पुस्तकं ‘डिटर्मायनर’ नावाचा वेगळा गट करतात. दोन पुस्तकांत दोन उत्तरं दिसली तर गोंधळू नका. परीक्षा ज्या पुस्तकावर असेल त्याचं उत्तर लिहा आणि पुढे चला.

पुस्तकं नामापासून सुरू होतात. माझ्या मते सुरुवात क्रियापदापासून करावी, कारण ते सापडलं की बाकीचं वाक्य आपोआप सुटं होतं. ओळखण्याची युक्ती अशी: वाक्यात ‘यस्टर्डे’ घालून पाहा. जो शब्द बदलावा लागतो तो क्रियापद. ‘शी राइट्स’चं ‘शी रोट’ होतं, तेव्हा ‘राइट्स’ हे क्रियापद. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ भूतकाळात बदलत नाहीत. तिथे कर्ता ‘ही’ करून शेवटी ‘स’ लागतो का ते बघा.

क्रियापदातच दुसरी पायरी आहे मुख्य आणि साहाय्यक यांची. ‘बी’, ‘डू’, ‘हॅव’ ही तीन दोन्ही कामं करतात. ‘आय हॅव अ पेन’मध्ये ‘हॅव’ मुख्य, ‘आय हॅव सीन इट’मध्ये साहाय्यक. त्यांच्याखेरीज नऊ मोडल, म्हणजे कायम साहाय्यकच राहणारी क्रियापदं आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. त्यांच्यानंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, ना ‘टू’, ना ‘स’. ‘ही कॅन टू स्विम’ आणि ‘ही कॅन स्विम्स’ दोन्ही चूक. ‘ही डज नॉट गोज’ याच वळणाची चूक. ‘स’ एकदा ‘डज’वर खर्च झाला, तो पुन्हा ‘गो’ला लावायचा नाही. आणखी एक जागा घसरण्याची: ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’ आणि मालकी सांगणारं ‘हॅव’ ही स्थिती दाखवणारी क्रियापदं आहेत, ती सहसा ‘इंग’ घेत नाहीत. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणू नका. ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणं.

‘इंग’ दिसलं की क्रियापद, असा मात्र समज नको. ‘शी इज स्लीपिंग’मध्ये ते क्रियापदाचा भाग आहे, ‘द स्लीपिंग चाइल्ड’मध्ये विशेषणाचं काम करतं आणि ‘स्लीपिंग इज नेसेसरी’मध्ये नामाचं, म्हणजे जेरंड.

नामाची ‘व्यक्ती, वस्तू, स्थळ’ ही व्याख्या ‘डिस्ट्रक्शन’पाशी थांबते. ती तर कृती वाटते! अर्थाच्या मागे न लागता पारख करा: शब्दाआधी ‘द’ किंवा ‘माय’ शोभतं का, आणि त्याच्यापुढे दुसरं नाम नाही ना. ‘द डिस्ट्रक्शन’ शोभतं, तेव्हा नाम. शेवटी ‘शन’, ‘नेस’, ‘मेंट’, ‘इटी’ असेल तर बहुतेक वेळा नामच निघतं. ‘फुल’, ‘लेस’, ‘अस’, ‘एबल’ विशेषणाकडे बोट दाखवतात आणि ‘आइझ’, ‘इफाय’ क्रियापदाकडे. नवा शब्द शिकताना त्याचं कुटुंब एका ओळीत लिहावं: सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली. ‘आय वाँट टू सक्सेस’ ही चूक कुटुंबातला एकच सदस्य माहीत असल्यामुळे होते.

इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क यांना आपण ‘स’ लावतो, कारण मराठीत ‘सल्ले’ आणि ‘सामानाचे नग’ मोजता येतात. इंग्रजीत ही नामं मोजत नाहीत. मोजायचीच झाली तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ अशी वळसा घालून. ‘न्यूज’मधला ‘झ’ अनेकवचनाचा नाही, म्हणून ‘द न्यूज इज गुड’.

काही जोड्यांत जात कानाला कळते. ‘अ‍ॅडव्हाइस’च्या शेवटी ‘स’ आला तर नाम, ‘झ’ आला तर क्रियापद. ‘रेकॉर्ड’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर नाम, दुसऱ्यावर गेला की क्रियापद. ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’ यांचंही तेच. मोठ्याने वाचायची सवय इथे कामाला येते.

सर्वनामांत अवघड थोडं आहे. आय, मी, माय, माइन, मायसेल्फ अशी एकेकाची पाच रूपं तक्त्यात लिहून पाठ करावीत. ‘माय’ नामाआधी येतं, ‘माइन’ एकटं उभं राहतं. लक्ष ठेवावं ते ‘इट’वर. आपण ‘पाऊस पडतोय’ म्हणतो, कर्ता पाऊस. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून अर्थ नसलेलं ‘इट’ तिथे बसवतात: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’. आणि ‘माय ब्रदर ही लिव्ह्ज अब्रॉड’ असं नाम आणि सर्वनाम एकाच कामाला लावू नये.

विशेषण आणि क्रियाविशेषणात मराठी माणूस हमखास घसरतो. ‘सुंदर चित्र’ आणि ‘ती सुंदर गाते’, आपल्याला एकच ‘सुंदर’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत चित्र ‘ब्यूटिफुल’ आणि गाणं ‘ब्यूटिफुली’. नामाबद्दल सांगत असेल तर विशेषण; क्रियापद, विशेषण किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल सांगत असेल तर क्रियाविशेषण. इथवर सोपं. आता अडथळे. ‘ली’ दिसलं म्हणून ते क्रियाविशेषण असं नाही: फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉस्टली ही विशेषणं आहेत. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. ‘हार्ड’ आणि ‘लेट’ यांना लागतं, पण अर्थ पालटतो: ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्टाने काम करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेम करतो. कामाच्या अर्जात हा घोटाळा चांगलाच महागात पडेल.

दुसरा अडथळा लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, सीम, बिकम या क्रियापदांचा. यांच्यानंतर विशेषण येतं, कारण ते कर्त्याचं वर्णन असतं. ‘द सूप स्मेल्स गुड’, इथे ‘वेल’ नाही. क्रियापद काढून ‘इज’ घाला. वाक्य अर्थपूर्ण राहिलं तर विशेषण वापरा. तिसरा अडथळा ‘बोर्ड’ आणि ‘बोरिंग’चा. ज्याला कंटाळा येतो तो ‘बोर्ड’, जे कंटाळा आणतं ते ‘बोरिंग’. ‘आय अ‍ॅम बोरिंग’ म्हणजे स्वतःची बदनामी.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा प्रीपोझिशनला. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडून येतं, ‘टेबलाखाली’. इंग्रजी प्रीपोझिशन नामाच्या आधी, सुटं: ‘अंडर द टेबल’. त्याच्यानंतर नाम, सर्वनामाचं ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ हे रूप किंवा ‘इंग’ असलेला शब्द येतो. म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’ बरोबर, ‘बिट्वीन यू अँड आय’ नाही. आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, कारण तिथला ‘टू’ प्रीपोझिशन आहे: ‘टू मीटिंग यू’.

इथल्या चुका दोन बाजूंनी येतात. एक, नको तिथे घालणं. आपण ‘विषयाबद्दल चर्चा करतो’ आणि ‘खोलीत शिरतो’, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एंटर इंटू द रूम’ लिहितो. डिस्कस, एंटर, रीच, मॅरी, रिझेम्बल यांना थेट कर्म लागतं, मधे काही नको. दुसरी, हवं तिथे गाळणं: ‘लिसन म्युझिक’, ‘वेट मी’. ‘लिसन टू’, ‘वेट फॉर’ हे तुकडे जोडूनच लिहून ठेवावेत. प्रीपोझिशनचा मराठी अर्थ पाठ करणं मला निरुपयोगी वाटतं. ‘वर’ म्हणजे कधी ‘ऑन’, कधी ‘ओव्हर’, कधी ‘अबव्ह’, कधी ‘अ‍ॅट’, आणि कोणतं हे मागचं क्रियापद किंवा पुढचं नाम सांगतं.

उभयान्वयी शब्दांत अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, सो, येट ही सात बरोबरीची वाक्यं जोडतात. बिकॉज, ऑल्दो, इफ, व्हेन, अनलेस यांच्यानंतरचं वाक्य एकटं उभं राहत नाही. आपली ‘जरी–तरी’ आणि ‘जर–तर’ ही जोडी इथे नडते. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ असं दोन्हीकडे जोडायचं नाही, ‘ऑल्दो’ घेतलं की ‘बट’ सोडावं लागतं. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचीही एका वाक्यात गाठ घालू नका. आफ्टर, बिफोर, सिन्स, अंटिल दोन्ही जातींत फिरतात: पुढे नुसतं नाम असेल तर प्रीपोझिशन, कर्ता आणि क्रियापद असेल तर कंजंक्शन. ‘डिस्पाइट’ आणि ‘ऑल्दो’ यांच्या अर्थात फारसा फरक नाही, पण ‘डिस्पाइट द रेन’ आणि ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ अशी त्यांची घरं वेगळी.

इंटरजेक्शनवर एक मिनिट पुरे. ‘वाव’, ‘अलास’, ‘हुर्रे’ काढले तरी उरलेलं वाक्य धडधाकट राहतं, हीच ओळख.

आता एक वाक्य सोडवू: ‘आफ्टर द लाँग मीटिंग शी क्विकली रोट द रिपोर्ट अँड वेंट होम.’ शब्द 12. आधी क्रियापदं: ‘रोट’ आणि ‘वेंट’. कोणी? ‘शी’, सर्वनाम. काय लिहिलं? ‘रिपोर्ट’, आधी ‘द’ आहे, तेव्हा नाम. ‘शी रिपोर्ट्स’ असतं तर क्रियापद झालं असतं. ‘आफ्टर’च्या पुढे ‘मीटिंग’ हे नामच आहे, कर्ता–क्रियापद नाही, म्हणून प्रीपोझिशन. ‘मीटिंग’ला ‘इंग’ असलं तरी आधी ‘द लाँग’ आहे, म्हणून नाम, आणि ‘लाँग’ त्याचं विशेषण. ‘क्विकली’ लिहिण्याबद्दल सांगतं, क्रियाविशेषण. ‘अँड’ दोन क्रिया जोडतो. दोन्ही ‘द’ आर्टिकल. उरलं ‘होम’. बहुतेक जण नाम लिहितात, पण इथे ते ‘कुठे’ याचं उत्तर देणारं क्रियाविशेषण आहे. म्हणूनच ‘वेंट टू होम’ होत नाही, जसं ‘वेंट टू देअर’ होत नाही. ‘हिअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ याच पंगतीतले. ‘माय होम’ म्हटलं की मात्र ते नाम होतं आणि ‘टू’ परत येतो.

रोज अशी 5 वाक्यं, 15 मिनिटं, हे सुरुवातीला पुरेसं आहे. वाक्यं बातमीतून घ्या, पुस्तकातल्या सरावातून नको, कारण तिथे धड्याच्या नावावरूनच उत्तर कळतं. क्रम तोच ठेवा: क्रियापद, कर्ता, कर्म, प्रीपोझिशन आणि त्याचं नाम, मग उरलेलं. अडलेला शब्द शब्दकोशात पाहताना पहिलाच अर्थ उचलू नका. आधी जातीची खूण वाचा आणि आपल्या वाक्यातल्या जातीखालचा अर्थ घ्या. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत नामापुढे मोजता येतं की नाही आणि क्रियापदापुढे कर्म लागतं की नाही याचीही खूण असते. वहीत शब्द कधी एकटा लिहू नका. ‘डिपेंड’ नको, ‘डिपेंड ऑन’ लिहा; ‘अ‍ॅडव्हाइस’ नको, ‘सम अ‍ॅडव्हाइस’ लिहा; ‘गुड’ शेजारी ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’ लिहा.