फोटोग्राफीचं ऑनलाइन वर्कशॉप लावताय? आपला फोटो कोण बघणार ते आधी विचारा

ऑफिसात कोणाला कळलं की मी फोटो काढते की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं वर्कशॉप लावू, किती फी आहे, कॅमेरा कुठला घेऊ. मी परळला राहते, नोकरी फोर्टात, आणि २०२० च्या लॉकडाऊनपासून आत्तापर्यंत पाच ऑनलाइन वर्कशॉप केलीत. त्यातल्या दोनमुळे माझे फोटो खरंच सुधारले, बाकीच्या तीनमधून फारसं हाती लागलं नाही, आणि नीट विचार केला तर फरक एवढाच होता की त्या दोन ठिकाणी माझे फोटो दर आठवड्याला कोणीतरी जाणकार माणूस बारकाईनं बघत होता.

ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ म्हणजे काय हे कळायला एक संध्याकाळ पुरते, युट्यूबवर फुकट आहे, मराठीतसुद्धा आहे. त्यासाठी पैसे भरू नका. पैसे भरायचे ते आपल्या फोटोत काय चुकलं हे सांगणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी. म्हणून फी भरायच्या आधी सरळ मेसेज करून विचारा, बॅचमध्ये किती जण आहेत, आठवड्याला प्रत्येकाचे किती फोटो बघणार, लाइव्ह बोलणार की लिहून देणार, आणि आधीच्या बॅचच्या अशा एखाद्या सेशनचं रेकॉर्डिंग दाखवता का. साधा हिशोब करा ना, दोन तासांच्या सेशनला ४० जण असतील आणि सर बाकी काहीच शिकवणार नसतील तरी माणशी तीन मिनिटं येतात. १२ जण असतील तर दहा मिनिटं. मी जिथे फसले तिथे शेकडो लोक होते, आमचे फोटो एका फोल्डरमध्ये जात होते आणि शेवटपर्यंत ते कोणी उघडले नाहीत.

परदेशातलं वर्कशॉप लावणार असाल तर वेळ नक्की बघून घ्या. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, आणि हिवाळ्यात तिकडचं घड्याळ मागे गेलं की साडेचार. लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा. रेकॉर्डिंग नंतर बघू असं सगळे म्हणतात, पण आपला फोटो स्क्रीनवर लागलेला असताना आपण तिथे नसलो तर उलट प्रश्न विचारता येत नाही आणि अर्धी मजा तिथेच जाते.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर जो आहे त्यावर सुरू करा, मोबाइलच्या प्रो मोडवरसुद्धा (जिथे सेटिंग आपल्या हातानं बदलता येतं) पहिले दोन महिने आरामात जातात. घ्यायचाच असेल तर जुनी एखादी बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, आणि कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स भरपूर झाली. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, सेकंडहँड बघायला जाताना आपलं मेमरी कार्ड न्या, दुकानातच फोटो काढून घरी मोठे करून बघा, शटर काउंट, म्हणजे त्या कॅमेऱ्यानं आत्तापर्यंत किती फोटो काढलेत, ते विचारा, आणि लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळत असली तरी ती लेन्स घेऊ नका.

आता खरी गोष्ट, गृहपाठ. मला एकदा विषय आला होता ‘एकच रंग’. सर युरोपातले, उदाहरणं सगळी पानगळीच्या झाडांची, आता मुंबईत तशी पानगळ कुठून आणणार, मग मी पहाटे साडेपाचला दादरच्या फुलबाजारात गेले, स्टेशनच्या पश्चिमेला, आणि झेंडूच्या ढिगांचे शंभरेक फोटो काढले. घरी सगळ्यांना आवडले. सरांनी मात्र पहिल्याच फोटोवर थांबवलं आणि म्हणाले यात पाकळ्या कुठे आहेत, मला केशरी डाग दिसतोय. बघितलं तर खरंच, फूल म्हणून काही उरलंच नव्हतं. होतं काय, झेंडूचा रंग इतका गडद असतो की सेन्सरचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंग टिपणारा भाग, आधी भरून जातो, आणि साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती काळं किती उजळ ते दाखवणारा आलेख, बघितला तर सगळं ठीकच वाटतं. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम लावता येतो तो लावा, लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा काळा करायचं सेटिंग, उणे ०.७ किंवा उणे १ करा. पुढच्या आठवड्यात मी त्याच ढिगापाशी गेले, तेवढं एकच बदललं, आणि पाकळी न् पाकळी वेगळी आली.

शेजारीच मोगऱ्याचे गजरे आणि निशिगंध असतो, तिथे बरोब्बर उलटं. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे आतल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला, समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं असावं असं वाटतं, म्हणून पांढरा ढीग तो काळपट करून टाकतो, तिथे अधिक १ करायचं. एकाच गल्लीत दहा पावलांवर दोन्ही धडे मिळतात, मला तरी मीटरिंग कुठल्याही स्लाइडनं इतकं स्वच्छ समजावलं नव्हतं.

तिथेच तिसरा धडा आहे तो दिव्यांचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, आणि सायलेंट शटर (आवाज न करणारं) असेल तर आडवे पट्टे. तिथे शटर स्पीड १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. अमेरिकेतले शिक्षक १/६० किंवा १/१२० सांगतील, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत कारण तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे.

आणि बाजारात एक पाळा, भवानी व्हायच्या आधी कोणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. आधी फुलं घ्या, दोन शब्द बोला, विचारा, नाही म्हणाल्या तर नाही. फोटो चांगला आला तर प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेऊन द्या. मी एका मावशींना दिली, तेव्हापासून त्या स्वतः सांगतात की अगं आज कमळं आलीत, लवकर ये.

परदेशी शिक्षक गोल्डन अवर म्हणून सूर्य मावळतीला आला की तासभर मऊ उजेड मिळेल असं सांगतात, तेही इथे जपून घ्या. मुंबई १९ अक्षांशावर, आपला सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो, उत्तर युरोपात तो तिरका रेंगाळत जातो. आपल्याकडे सूर्य बुडाला की जेमतेम २०-२५ मिनिटांत उजेड संपतो. मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताचा गृहपाठ करायचा असेल तर अर्धा तास आधी जाऊन जागा धरा, सेटिंग करून ठेवा. ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी हटकतात, त्यापेक्षा कापडी पिशवीत किलोभर राजमा भरून शिवून टाका, कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रोवला की सेकंदभराचं एक्स्पोजरही हलत नाही.

फोटो पाठवताना घरच्यांना आवडलेला फोटो पाठवू नका, ज्याच्याबद्दल आपल्यालाच शंका आहे तो पाठवा, आणि सोबत एकच ओळ लिहा की मला यात काय दाखवायचं होतं. म्हणजे समोरच्याला सांगता येतं की ते दिसतंय का नाही. बोलणं चालू असताना सफाई देऊ नका, लिहून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात नवीन जागा न शोधता त्याच जागी परत जा. हे मी सगळ्यात जास्त ठासून सांगेन. नवीन जागेवर नवीनच चूक होते आणि जुनी सुधारली का ते कधी कळत नाही.

थोडं तांत्रिक. रॉ मध्ये काढा, म्हणजे सेन्सरनं टिपलेली सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, १४ बिटच्या रॉ मध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये २५६, त्यामुळे सावलीतलं परत वर काढायला वाव राहतो. रॉ एडिट करायची डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एक निवडून सहा महिने तेच वापरा. लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा मोड एडिट करताना बंद ठेवा. व्हिडिओ कॉलवर रंग आणि बारकावे दबतात, त्यामुळे शिक्षकांना फोटोची फाइल वेगळी पाठवा, लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांसाठी एसआरजीबी सेटिंग (बहुतेक स्क्रीनवर चालतं ते), आणि व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून टाकतं.

पावसाळी बॅच लावली असेल तर कॅमेऱ्याची काळजी आत्ताच घ्या. कपाटात किंवा बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून घ्या, तो तवा मात्र स्वयंपाकाला परत वापरू नका. एसीतून बाहेर गॅलरीत जाताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि बाहेर पडता येत नसेल तरी आठवड्यातून एकदा डबा उघडून खिडकीच्या गजांवरचे थेंब, समोरच्या चाळीतल्या ओल्या छत्र्या, जे दिसेल ते काढा आणि बॅचमध्ये टाका.