रबरमिश्रित डांबरी रस्त्यांसाठी अनुदान मागताना या चुका टाळा

जुन्या टायरांचे रबर वापरून शहरातील रस्त्यांवर नवा थर देण्याच्या प्रस्तावातील सर्वांत महागडी चूक बहुधा पहिल्याच पानावर सापडते. प्रस्तावात खड्ड्यांची वर्णने असतात, नागरिकांच्या तक्रारी जोडलेल्या असतात आणि टायरांचा उल्लेख मात्र जाता जाता येतो. अशी अनुदाने पुष्कळदा टाकाऊ टायरांची विल्हेवाट लावू पाहणाऱ्या यंत्रणेकडून मिळतात आणि रस्ता हे तिच्या दृष्टीने केवळ साधन असते. कॅलिफोर्नियातील कॅलरिसायकल या शासकीय विभागाच्या अनुदानासाठी त्याच राज्यातील टाकाऊ टायरांचे रबर वापरावे लागते, यावरून देणाऱ्याचा हेतू स्पष्ट व्हावा. त्यामुळे मिश्रण किती टन लागेल, त्यात रबर किती असेल आणि ते कोणाकडून येईल, ही माहिती सुरुवातीलाच द्यावी.

तंत्राच्या नावीन्याचे गोडवे गाण्यात पाने घालवू नयेत. अमेरिकेतील फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्याने १९६० च्या दशकातच त्याचा पाया घातला होता. त्यापेक्षा नेमकी कोणती पद्धत वापरणार हे लिहावे. ओल्या पद्धतीत रबराचा भुगा तापलेल्या डांबरात मिसळून काही काळ मुरू दिला जातो, तर कोरड्या पद्धतीत तो खडीबरोबर टाकला जातो. काही योजनांना यांपैकी एकच पद्धत चालते. शिवाय एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी६११४ या मानकानुसार रबरी डांबरात वजनाने किमान १५ टक्के रबर असावे लागते. प्रस्तावात हे मानक आणि निविदेत मात्र नुसते ‘सुधारित डांबर’ असे लिहिले, तर कमी रबराचा माल येऊन देयक अपात्र ठरू शकते.

रस्त्यांची निवडही तपासून घ्यावी. रबरामुळे खालच्या भेगा वर येण्याचा वेग मंदावतो, हे खरे. पण पायाच खचल्यामुळे जाळीदार भेगा पडलेल्या किंवा पाण्याचा निचरा न होणाऱ्या रस्त्यावर कोणताही नवा थर टिकत नाही. तेथे आधी पायाची दुरुस्ती करावी लागते आणि तिचा खर्च अनुदानात बसतो का, हे अर्जापूर्वीच विचारलेले बरे.

लेखाविभागाला सुरुवातीपासून सोबत घ्यावे, कारण अशी रक्कम अनेकदा काम झाल्यावर प्रतिपूर्ती म्हणून मिळते आणि तोवरचा खर्च पालिकेलाच पेलावा लागतो. मंजुरीआधी कार्यादेश देण्याची घाई तर अजिबात करू नये. मंजुरीच्या तारखेपूर्वीचा खर्च सहसा ग्राह्य धरला जात नाही. रबर मिसळण्याची यंत्रसामग्री आणण्याचा खर्च छोट्या कामावर फार जड पडतो, म्हणून एका गल्लीऐवजी अनेक रस्ते किंवा शेजारच्या पालिकेची कामेही एकत्र करावीत. थंडीत हे मिश्रण लवकर घट्ट होऊन नीट दाबले जात नाही, तेव्हा वेळापत्रक हवामान पाहूनच आखावे.

रबराच्या उगमाचे प्रमाणपत्र आणि प्रत्येक गाडीची काटापावती कंत्राटदाराने रोजच्या रोज जमा करावी, अशी अट निविदेतच घालावी. काम संपल्यावर ही कागदपत्रे गोळा करणे किती कठीण असते, हे ज्याने प्रतिपूर्तीचा दावा सादर केला आहे त्याला वेगळे सांगायला नको.