पावसाळ्यानंतर कॅम्पर बाहेर काढताना: किड्यांची तयारी

जूनपासून पावसाळाभर कव्हराखाली उभा असलेला कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, दिवाळीत कोकणात न्यायचा असेल, तर किड्यांचा बंदोबस्त निघायच्या आदल्या रात्री फवारा मारून होत नाही. महिनाभर आधी सुरुवात करा. कारण झुरळात आहे. गाडीत घर करतं ते छोटं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं जर्मन झुरळ. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत शेपटाला घेऊनच हिंडते. कुपीतली अंडी काही खात नाहीत, त्यामुळे विषारी आमिष त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अंडी पिकायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे एका फेरीत मोठी झुरळं मेली तरी नवी पिल्लं बाहेर येणारच, आणि त्यांच्यासाठी दुसरी फेरी लागणारच.

पहिल्या दिवशी औषधाला हात लावू नका, आधी गाडी वाचा. गाद्या, खोके, भांडी, स्टेपनीचं कव्हर, सगळं बाहेर काढा आणि सहा चिकट सापळे ठेवा: फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागे, शेगडीखाली, सिंकखालच्या कपाटात, बॅटरी-इन्व्हर्टरच्या खणात, कपड्यांच्या कपाटात तळाशी आणि ड्रायव्हरच्या सीटखाली. प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहा. सापळा भिंतीला अगदी टेकवून ठेवायचा, कारण झुरळ मोकळ्या जमिनीवरून नाही, कडेकडेनं चालतं. मधोमध ठेवलेला सापळा रिकामा मिळतो आणि आपण उगाच निश्चिंत होतो. दोन रात्रींनी मोजा. कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टर चालू असतील तर उबेमुळे तिथलेच सापळे सहसा सगळ्यात भरलेले असतात. एखाद-दुसरं मोठं, लालसर झुरळ सापडलं आणि पिल्लं एकही नाहीत, तर ते बहुधा बाहेरच्या गटारातून आलंय. त्याच्यासाठी गाडीभर औषध नको, सांडपाण्याचा पाइप बंद केला की पुरे.

मग सफाई. यात कंटाळा केला तर पुढचं सगळं अर्धवट राहतं. शेगडी स्क्रू काढून पूर्ण उचला. फोडणीचं उडालेलं तेल शेगडीच्या पाठीमागे प्लायच्या कडेला थर धरून बसलेलं असतं, आणि समोर आमिषाचं जेल ठेवलं तरी झुरळ आधी त्या तेलाकडे जातं. कोमट पाण्यात भांड्यांचं साबण घालून घासा आणि पूर्ण सुकू द्या. फ्रिज जागेवरून सरकवून खालचा ट्रे धुवा. प्लायवर पिठाच्या कणाएवढे पांढुरके, धावरे किडे दिसले तर औषध शोधू नका. ते बुरशी खाऊन जगतात. दारं-खिडक्या उघडून दोन-तीन कडक उन्हं आणि पंखा दिला, ओल गेली, की तेही जातात.

आता जेल. फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के, दोन्ही चालतात. मधल्या आकाराच्या कॅम्परला मुगाच्या दाण्याएवढे पंचवीस-तीस ठिपके पुरतात. चार मोठे गोळे लावण्यापेक्षा तीस छोटे ठिपके कधीही चांगले. बिजागऱ्यांच्या आत, खणाच्या रुळामागे, वायरी भिंतीत शिरतात तिथे, सिंकच्या खालच्या काठाला. कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटवू नका, उष्णतेनं जेल वाळून खडा होतो. बाजूच्या गार पट्टीवर लावा. जिथे जेल आहे तिथे महिनाभर फवारा, झुरळ-मुंग्यांचा औषधी खडू किंवा फिनेलचं पोतेरं नाही. फवाऱ्यातल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाच्या वासानं झुरळ त्या जागेपासून लांब पळतं, आमिष खात नाही, आणि मग दोष जेलला मिळतो. पंधरा-वीस दिवसांनी सापळे बदला, पुन्हा मोजा, वाळलेले ठिपके खरवडून नवे लावा. हीच दुसरी फेरी. भिंतीच्या पोकळीत आणि पलंगाच्या चौकटीत हात जात नाही, तिथे बोरिक पावडर मऊ ब्रशनं किंवा छोट्या पंपानं उडवा, जेमतेम डोळ्याला दिसेल इतकी. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर बरोबर असेल तर ही पावडर फक्त बंद पोकळीतच.

डब्यातला फवारा ठेवायचाच असेल तर एक लक्षात ठेवा: बहुतेक डब्यांत औषध बाहेर ढकलायला एलपीजीच भरलेला असतो. शेगडी, गॅस गिझर, इन्व्हर्टर बंद, रेग्युलेटर बंद, सगळी माणसं बाहेर, आणि लेबलवर दिलेल्या वेळेनंतर दारं उघडून पूर्ण हवा. इतक्या छोट्या जागेत धुराचा बॉम्ब वापरायचा नाही, तो फटींत पोचत नाही आणि गाद्यांवर मात्र बसतो. कुठलंही औषध घेताना डब्यावरचा रंगीत चौकोन बघा: लाल म्हणजे अतिविषारी, त्याखाली पिवळा, निळा, हिरवा. झोपायच्या जागेसाठी हिरव्या-निळ्याच्या वर जायची गरज पडत नाही.

दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत फटी बुजवा. अंधारात गाडीत जोरदार दिवा लावा, दारं लावा आणि एकानं बाहेरून जमिनीवर झोपून तळ बघा. प्रकाश दिसेल तिथे खडूनं खूण. झुरळाच्या पिल्लाला दीड मिलिमीटरची फट पुरते. दाराच्या रबराची परीक्षा कागदानं: पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथलं बीडिंग बसकं झालंय. वायरी आणि पाण्याचे पाइप जिथे फरशीतून जातात तिथल्या भोकात स्टेनलेसच्या घासणीचा बोळा दाबून वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. साधी लोखंडी तारेची लोकर नको, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत एका मोसमात गंजून तिचा भुगा होतो. नुसतं फोम भरलं तर उंदीर कुरतडतो.

मात्र हे करताना हात आवरायचाही असतो. सिलिंडरच्या खणात तळाला जे भोक किंवा जाळी असते, ती चुकून राहिलेली फट नव्हे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि त्या भोकातून बाहेर पडतो. तिथे सिलिकॉन भरणं म्हणजे झुरळ अडवून स्फोटाची सोय करणं. बारीक मच्छरजाळीही नको, ती तेल-धुळीनं महिन्याभरात लिंपली जाते. तीन मिलिमीटर छिद्राची स्टीलची जाळी लावा आणि दर फेरीला ब्रशनं साफ करा. छताचा व्हेंट, गिझरची चिमणी, फ्रिजची हवेची खिडकी यांनाही हाच नियम.

या भोकांचा खरा भाडेकरू कुंभारीण माशी. बोटभर नळी दिसली की ती आत ओल्या मातीच्या कोठड्या करते, त्यात बेशुद्ध केलेले कोळी भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपते. उभ्या गाडीत हे आठवड्याभरात होतं. बर्नरच्या हवेच्या नळीत माती किंवा कोळ्याचं जाळं बसलं तर हवा कमी पडते, ज्योत पिवळी होऊन वर उठते, भांड्याला काजळी धरते आणि बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. म्हणून पहिली ज्योत दार सताड उघडं ठेवून पेटवा आणि निळी, स्थिर येते का ते पाहा. पिवळी आली तर गॅस बंद करून नळी नायलॉनच्या ब्रशनं झाडा आणि फुंकून मोकळी करा. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटच्या छिद्रात टाचणी घालू नका, छिद्र रुंद झालं की तो जेट बदलावाच लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर बसवा, तारीख उलटलेला असेल तर नवा घ्या. हिमाचल-लडाखसाठी डिझेल हीटर बसवला असेल तर त्याचा धुराचा पाइपही डोकावून बघा. कोळी ही किरकोळ बाब वाटत असेल तर आठवून पाहा: 2011 मध्ये अमेरिकेत माझदा-6 गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या इंधनटाकीच्या हवेच्या नळीत कोळ्यांनी जाळी केल्यामुळे.

पाण्याकडे वळू. डेंग्यूचा डास स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. कॅम्परवर असं पाणी कुठे साचतं? स्टेपनीच्या कव्हरच्या तळाशी, गुंडाळलेल्या छत्रीच्या घडीत, एसीच्या ट्रेमध्ये, पायरीच्या चॅनेलमध्ये, गाडीखाली विसरलेल्या बादलीत. सगळं उपडं करा. पिण्याच्या टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी आणि क्लिप हवीच, तिथूनच डास आत उतरतात. सिंकचा पाइप थेट सांडपाण्याच्या टाकीत जात असेल आणि मध्ये पाणी धरणारा यू-बाक नसेल, तर वास, चिलटं आणि झुरळं तिघांनाही उघडा रस्ता आहे. बाक बसवायला जागा नसते, तिथे पाण्याविना चालणारा झडपेचा ट्रॅप बसतो. तेही जमत नसेल तर रात्री रबरी बूच. बाक असेल आणि गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर त्यात पेलाभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओता, पाणी उडून जात नाही.

खिडक्यांना इंचाला 18 बाय 16 घरांची जाळी डासांना पुरते. किनाऱ्यावर संध्याकाळी चावणारी बारीक चिलटं मात्र त्यातून आरपार येतात. त्यांच्यासाठी जास्त दाट जाळी लागते, पण तिच्यातून हवाही कमी येते. म्हणून दाट जाळी फक्त झोपेच्या बाजूला आणि शेजारी 12 व्होल्टचा पंखा. वाऱ्यात ही चिलटं उडू शकत नाहीत, पंख्यानं निम्मं काम होतं. वेल्क्रो लावण्याआधी चौकट स्पिरिटनं पुसा, नाहीतर उन्हात गोंद सुटतो आणि नेमका वरचा कोपरा लोंबतो.

सामान भरायच्या दिवशी एकही पुठ्ठ्याचा खोका आत जाऊ देऊ नका. किराण्याच्या खोक्यांच्या पन्हळीतूनच झुरळं आणि त्यांची पिल्लं गाडीत येतात. बाहेरच सोडवा, डबे भरा, खोके तिथेच ठेवा. रवा भाजून, पीठ आणि डाळी चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे वाटेत अळ्या आणि टोके निघत नाहीत. आंबे-केळी जाळीच्या पिशवीत, आणि पिकलेलं फळ त्याच दिवशी संपवायचं. कचऱ्याचा डबा रात्री गाडीबाहेर, झाकण लावून.

गाद्यांच्या शिवणी टॉर्चनं बघा. काळे ठिपके, कात, तांबूस डाग म्हणजे ढेकूण. नुसतं उन्हात टाकून ढेकूण मरतात हा समज अर्धाच खरा आहे: वरचं कापड तापतं, गाभा थंड राहतो आणि ढेकूण आत सरकतात. पन्नास अंशांच्या वर उष्णता दीड-दोन तास गाभ्यात टिकली तरच अंडीही मरतात. चादरी, अभ्रे कढत पाण्यात धुवा, गादीच्या मधोमध थर्मामीटर खुपसून काळ्या पिशवीत बांधून तापवा, आणि आकडा पाहून मगच विश्वास ठेवा. लॉजमध्ये एखादी रात्र काढली असेल तर ती बॅग आतल्या कपाटात न ठेवता आधी झाडून घ्या.

मुक्कामाची जागा उजेड असतानाच निवडा. आंबा-काजूच्या फांदीखाली पानं शिवलेला गोळा दिसला तर पुढे जा. ते हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल चावऱ्या मुंग्या आहेत, छतावर फांदी टेकली की फौज खाली उतरते. साचलेलं पाणी, गोठा, कचराकुंडी यांच्यापासून लांब, आणि वाऱ्याच्या दिशेला खिडकी. दारावरचा पांढरा दिवा बंद, आत पिवळसर मंद दिवा. चार-पाच पावलांवर एक पांढरा दिवा लावून ठेवा, किडे तिकडे जातात. मुंग्या टायर, जॅक, विजेची वायर आणि पाण्याचा पाइप, याच वाटांनी चढतात. वायरीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळा, चिकट बाजू बाहेर. ग्रीस नको, रबर फुगतं. औषधी खडू वाळूवर उमटत नाही आणि दवानं जातो, म्हणून टायरखालच्या फळीवर ओढा. मुक्काम लांबणार असेल तर 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर, कापसावर, बाहेर चाकाजवळ आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं. बोरिक वाढवलं तर कामकरी मुंगी वारुळाआधीच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. दोडामार्ग-सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या रानात जानेवारी ते मे या काळात जाणार असाल तर गोचिडींची वेगळी काळजी घ्या, माकडताप त्यांच्यातूनच पसरतो. पायमोज्यात पँट खोचा, कुत्र्याला गाडीत घेण्याआधी तपासा, आणि रानात मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबू नका.

डांबराच्या गोळ्या घरी ठेवा. बंद गाडीत त्यांची वाफ श्वासात जाते, आणि लहान बाळ असेल तर ती धोक्याची आहे. मच्छर कॉइल गाडीत लावणं म्हणजे रात्रभर धूर आणि गादीजवळ निखारा. अल्ट्रासाउंडच्या यंत्रावर पैसे घालू नका. कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा कपाटात ठेवायच्या तर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर जेलची फेरी चुकवू नका.

परतल्यावर त्याच संध्याकाळी सांडपाण्याची टाकी रिकामी करून धुवा, शेगडीखालचं पुसा आणि फ्रिजचं दार फळीनं अडकवून उघडं ठेवा. पुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जॅकखाली लाकडाचे ठोकळे नकोत, काँक्रीटचे घ्या. मातीतून वाळवी लाकडावरून सहज चढते आणि तळाच्या प्लायला लागते. ठोकळ्यांवर मातीची बारीक नळी दिसते का ते पंधरा दिवसांनी एकदा वाकून पाहा, आणि सहाही सापळे नव्या तारखेनं परत जागेवर ठेवा.